गाडीचा जुना रेडिओ बोलेना? डबा सगळ्यात शेवटी उघडा

"काका, सेट गेला. एवढ्या जुन्याचं आता काही मिळत नाही. अँड्रॉइड टाकून देतो, रिव्हर्स कॅमेऱ्यासकट."

ॲक्सेसरीजच्या दुकानात जुनी गाडी उभी केली की दोन मिनिटांत हे निदान हातात पडतं. पोरगा बटण दाबतो, पुन्हा दाबतो, मान हलवतो. तोवर मल्टिमीटर बाहेर आलेला नसतो आणि फ्यूज बॉक्सचं झाकणही कुणी उघडलेलं नसतं. त्याचंही चुकत नाही म्हणा. त्याचा धंदा विकण्याचा आहे. दोष शोधायला तासभर जातो आणि शेवटी निघते ती दहा रुपयांची वस्तू, मग कोण शोधत बसेल?

माझी गाडी २००८ ची, एमएच-०४ ची, म्हणजे ठाण्याची. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओच्या चकरा मारून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली, तेव्हाच ठरवलं की गाडी ठेवायची तर तिच्याबरोबर आलेला रेडिओही ठेवायचा. आजवर तो तीनदा बंद पडला. एकदा फ्यूज, एकदा अर्थ (गाडीच्या बॉडीतून वीज बॅटरीकडे परत जायची वाट) आणि एकदा छतावरच्या अँटेनाच्या बुडात झिरपलेलं पावसाचं पाणी. तिन्ही वेळा डब्यात, म्हणजे खुद्द रेडिओत, काहीच झालं नव्हतं. नंतर सोसायटीतल्या आणि नात्यातल्या काही गाड्या हाताखालून गेल्या. तिथेही दोष बहुतेक वेळा डब्याबाहेरच सापडला. म्हणून पुढचा क्रम मोडू नका. रेडिओचं झाकण खोलणं ही सगळ्यात शेवटची पायरी आहे, कितीही हात शिवशिवले तरी.

बॅटरीला हात लावण्याआधी

बॅटरीची केबल काढली की बऱ्याच गाड्यांचा रेडिओ परत चालू करताना कोड मागतो. चोरलेला रेडिओ दुसऱ्या गाडीत चालू नये म्हणून कंपनीने केलेली ही सोय, पण सापडतो मालकच. फोक्सवागन आणि स्कोडाच्या जुन्या रेडिओंवर 'सेफ' अशी अक्षरं येतात, होंडावर 'कोड' टाका असं येतं. कोड गाडीच्या पुस्तकाबरोबरच्या कार्डावर किंवा ग्लोव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर असतो. सेकंड हँड गाडी असेल तर ते कार्ड पहिल्या मालकाच्या कपाटात पडलेलं असण्याचीच शक्यता जास्त. होंडाच्या बऱ्याच रेडिओंत १ आणि ६ ही बटणं एकत्र दाबून धरून रेडिओ चालू केला की सिरियल नंबर दिसतो. तो नंबर आणि गाडीची कागदपत्रं घेऊन गेलात की सर्व्हिस सेंटरवाले कोड काढून देतात. इतर कंपन्यांत हा नंबर डब्यावरच्या स्टिकरवर असतो, म्हणजे रेडिओ बाहेर काढावा लागतो.

अंदाजाने आकडे मारत बसू नका. फोक्सवागन घराण्यातल्या रेडिओंवर दोनदा चुकलं की तासभर थांबावं लागतं, तेही रेडिओ चालू ठेवून.

काय काय लागेल

दोन-तीनशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर. बॅटरीच्या टर्मिनलसाठी बहुधा १० नंबरचा पाना. फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, पॅनल उचकायला प्लास्टिकची पट्टी (जुनं एटीएम कार्डही चालतं), बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, एक पेन्सिल सेल आणि साधारण पाऊण मीटर वायरचा तुकडा. ५, १०, १५ अँपियरचे दोन-दोन फ्यूज जवळ ठेवा. पात्याच्या फ्यूजवर आकडा छापलेला असतो, शिवाय रंगावरूनही कळतं: १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. जितक्याचा उडाला तितक्याचाच बसवायचा. "थोडा मोठा टाकू, म्हणजे परत उडणार नाही" असं म्हणणाऱ्याच्या गाडीत पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते.

सीटवर बसूनच निम्मं निदान

अजून काहीही खोलायचं नाही. किल्ली एसीसीवर (इंजिन सुरू व्हायच्या आधीच्या खाचेवर) घ्या आणि रेडिओ लावा. लाइट येतो पण आवाज नाही, अशी तक्रार असेल तर आधी म्यूट पाहा, मग बॅलन्स (आवाज डावी-उजवीकडे वाटणारा) आणि फेडर (पुढे-मागे वाटणारा). हसू नका. माझ्या मावसभावाच्या गाडीत "मागचे दोन्ही स्पीकर गेले" म्हणून नवे घेण्यापर्यंत मजल गेली होती. त्याच्या लेकीने फेडर पूर्ण पुढे नेऊन ठेवला होता, बस.

युरोपीय बनावटीच्या रेडिओवर टीए नावाचं बटण असतं. तिकडे ट्रॅफिकच्या घोषणा पकडायला ते उपयोगी पडतं. इथे चुकून दाबलं गेलं की रेडिओ नसलेल्या घोषणा शोधत बसतो आणि मधेच पीं पीं करतो. एएफ, म्हणजे तेच स्टेशन दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर शोधणारी सोय, चालू राहिली तरी स्टेशन कधीकधी आपोआप सरकतं. दोन्ही बंद करा. बॅटरी बदलल्यानंतर काही स्टेशनं लागतच नसतील, तर सेटिंगमध्ये रिजन पाहा. तिथे अमेरिका आलं असेल तर रेडिओ एकेक दशांश सोडून उड्या मारतो: ९१.१, ९१.३, ९१.५ असं. मग ९८.३ लागेल, पण १०४.० वर तो कधी थांबणारच नाही. बिघाड कसलाच नसतो.

आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी, म्हणजे उगम (सोर्स) बदलून पाहणं. एफएम खरखरतो पण सीडी किंवा ऑक्सवरचं (मोबाइल वायरीने जोडून लावलेलं) गाणं स्वच्छ वाजतं, तर स्पीकर, वायरिंग आणि ॲम्प्लिफायर ठीक आहेत, दोष अँटेनाकडे. सगळ्याच उगमांवर आवाज नाही, पण डिस्प्ले चालू आहे, तर स्पीकरकडची बाजू बघायची. डिस्प्लेच नाही, तर वीज पोचत नाही. या तीन वाटांपैकी आपली कोणती हे ठरल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

डिस्प्लेच येत नाही

आधी बॅटरी. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४.

मग फ्यूज, आणि इथे नवखे हमखास फसतात. रेडिओला दोन ठिकाणांहून वीज येते. एक कायमची, जिच्यावर घड्याळ आणि स्टेशनांची आठवण टिकते. दुसरी किल्ली फिरवल्यावर येणारी. दोघींचे फ्यूज वेगळे, आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणावर 'रेडिओ' असं लिहिलेलं असेलच असं नाही. कायमची वीज पुष्कळ गाड्यांत आतल्या दिव्याच्या फ्यूजवर असते. किल्लीची वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटबरोबर. माझा पहिला बिघाड हाच. टोलसाठी गिअरजवळ ठेवलेल्या चिल्लरीतलं एक रुपयाचं नाणं सॉकेटमध्ये घरंगळलं, फ्यूज उडाला आणि चार्जरबरोबर रेडिओही गप्प झाला. तेव्हा रेडिओ मेला असेल तर आधी मोबाइल चार्जर चालतोय का ते बघा, आतला दिवा लागतोय का ते बघा.

फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून सोडू नका. त्याच्या पाठीवर मीटरची टोकं लागतील अशा दोन उघड्या जागा असतात. मीटरचं काळं टोक बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला, लाल टोक आळीपाळीने त्या दोन जागांना. दोन्हीकडे १२ व्होल्ट हवेत. एकीकडे १२ आणि दुसरीकडे शून्य, तर फ्यूज गेलेला. दोन्हीकडे शून्य, तर वीज फ्यूजपर्यंतच येत नाही. किल्लीच्या फ्यूजबाबत असं झालं आणि किल्ली जरा हलवली की रेडिओ क्षणभर लागतो, तर इग्निशन स्विचचे आतले पॉइंट झिजलेत. एका किल्लीला घर, ऑफिस, बँक लॉकर आणि मोठा पितळी गणपती लटकवून वर्षानुवर्षं गाडी चालवली की असं व्हायचंच.

फ्यूज ठीक, तरीही डिस्प्ले नाही, तर रेडिओ बाहेर काढायची वेळ आली. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. एअरबॅग असलेल्या गाडीत ही घाई महागात पडू शकते. डॅशबोर्डमागे पिवळ्या नळीतल्या किंवा पिवळ्या कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लगच्या) वायरी दिसल्या तर त्यांना हातसुद्धा लावायचा नाही. जपानी आणि कोरियन गाड्यांत भोवतीचं पॅनल क्लिपांवर असतं आणि आत चार स्क्रू. युरोपीय रेडिओंना दोन्ही कडांना बारीक भोकं असतात, त्यात यू आकाराच्या तारेच्या चाव्या घालून डबा ओढायचा. पंधरा वर्षं उन्हात भाजलेलं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं, म्हणून पट्टी क्लिपच्या अगदी शेजारी घाला आणि प्रत्येक पायरीवर मोबाइलने फोटो काढा. फोटो काढायचा कंटाळा केला तर संध्याकाळी कुठला स्क्रू कुठला, हे आठवत बसाल.

डबा बाहेर आला की मागची जागा टॉर्चने न्याहाळा. तिथे वाळलेला गाळ दिसला तर गाडी कधीतरी पुरात बुडाली होती, आणि मग रेडिओ ही तुमची सगळ्यात छोटी काळजी.

मागचा कपलर काढा, बॅटरी परत जोडा, किल्ली एसीसीवर घ्या आणि कपलरमध्ये मीटर लावा. बाजारातल्या सेटची वायरिंग ठरलेली असते: पिवळी कायमची वीज, लाल किल्लीची, काळी अर्थ, निळी अँटेनासाठी. कंपनीच्या मूळ वायरिंगमध्ये हे रंग पाळलेले नसतात, प्रत्येक कंपनीचं वेगळं. रंगावर भरवसा ठेवायचा नाही, मीटरवर ठेवायचा. एका पिनेवर किल्ली काढली तरी १२ व्होल्ट हवेत, दुसरीवर फक्त किल्ली असताना. स्टेशनं रोज सकाळी पुसली जात असतील तर पहिली पिन कोरडी सापडेल, किंवा आधीच्या कुणीतरी दोघींची अदलाबदल केलेली असेल.

उरला अर्थ. अर्थला कुणी विचारत नाही आणि खोड्या तोच जास्त काढतो. रेडिओ जोडून चालू करा, मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि लाल टोक रेडिओच्या धातूच्या अंगाला लावा. जवळजवळ शून्य यायला हवं. ०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थची वाट खराब आहे. डॅशबोर्डमागे जिथे अर्थची वायर बॉडीला बोल्टने आवळलेली असते तो बोल्ट सोडा. खाडीकाठच्या हवेत, म्हणजे ऐरोलीपासून नेरूळपर्यंत आणि आमच्या कोपरी-कळव्याकडेही, तिथे पांढरट गंज किंवा हिरवा कळंक चढलेला असतो. पॉलिश पेपरने चकचकीत करा, परत आवळा. माझा दुसरा बिघाड इतक्यावर मिटला. त्याआधी एका फिटरने तोच रेडिओ "आतून शॉर्ट आहे" म्हणून बाजूला ठेवला होता.

एफएम खरखरतो

इथे रेडिओला दोष देण्याआधी ठाण्याचा भूगोल लक्षात घ्या. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की त्यांची सावली पडते. घोडबंदर रोडवर गायमुखकडे जाताना येऊरचा डोंगर डाव्या अंगाला असतो, मुंब्रा बायपासला पारसिकचा डोंगर चिकटून. तिथे खरखर झाली तर आश्चर्य नाही. चाचणी मोकळ्या जागी करा. नवी मुंबईतला पाम बीच रोड उत्तम. पट्ट्याच्या दोन्ही टोकांची स्टेशनं लावून पाहा: खाली ९१.१, मधे आकाशवाणीचं १००.७, वर १०७.१. पाम बीचवर तिन्ही स्वच्छ आणि गायमुखला खरखर, तर रेडिओ ठणठणीत आहे. पाम बीचवरही खरखर, तर पुढे वाचा.

एफएमवर खरखर नसून मिडियम वेव्हवर गुणगुण येत असेल तर वर बघा. ऐरोलीजवळ हाय टेन्शन तारांखालून जाताना मिडियम वेव्ह गुरगुरते, तो रेडिओचा दोष नव्हे.

आता गाडीत लायटर सॉकेटला जे जे लावलंय ते सगळं उपटा. डॅशकॅम, मोबाइल चार्जर, सुगंधाचं ते निळ्या लाइटचं यंत्र, सगळं. स्वस्त चार्जर १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो, आणि त्यातून निघणारा कचरा थेट अँटेनात शिरतो. गेल्या काही वर्षांत "रेडिओ अचानक बिघडला" अशा जितक्या गाड्या माझ्याकडे आल्या, त्यांत डॅशकॅमचा हात पुष्कळदा निघाला. डॅशकॅमची वायर अँटेनाच्या वायरीजवळून, त्याच खांबातून नेलेली असते. ती दुसऱ्या बाजूने फिरवली की पुष्कळदा काम होतं. नंतर बसवलेले एलईडी हेडलाइट हेही असलेच गुन्हेगार; हेडलाइट बंद करून खरखर थांबते का पाहा.

सगळं उपटून फरक नाही, तर अँटेना. छतावर दांडी आहे ना? हा प्रश्न चेष्टेचा नाही. सोसायटीत गाडी धुणारा पोरगा दांडी काढून ठेवतो आणि परत लावायला विसरतो. काहींनी ती काढून बाजारातला शार्कच्या पंखासारखा तुकडा चिकटवलेला असतो. स्वस्तातले बरेच पंख नुसते प्लास्टिकचे असतात, आत काहीही नसतं. एफएमच्या लहरीची लांबी साधारण ३ मीटर, म्हणून तिच्या चौथ्या हिश्श्याची, म्हणजे ७५ सेंटिमीटरची दांडी सगळ्यात चांगली ऐकते. आखूड दांडीच्या गाड्यांत ती उणीव भरून काढायला बुडात छोटा ॲम्प्लिफायर बसवलेला असतो. त्याला वीज रेडिओच पुरवतो, निळ्या वायरीतून किंवा अँटेनाच्याच केबलमधून. नवा सेट बसवताना ही वायर जोडायची राहून गेली की रेडिओ बहिरा होतो, आणि सगळे अँटेना बदलायला धावतात.

पाऊण मीटर वायरचा तुकडा आता कामाला येतो. रेडिओच्या मागची अँटेनाची पिन काढा आणि त्या भोकाच्या मधल्या संपर्कात वायरचं सोललेलं टोक खुपसा, दुसरं टोक काचेकडे सरळ धरा. स्टेशनं छान लागली, तर रेडिओचा ट्यूनर, म्हणजे स्टेशन पकडणारा भाग, जिवंत आहे आणि दोष अँटेना किंवा तिच्या केबलमध्ये. या एका चाचणीने माझे किती पैसे वाचले त्याचा हिशेब ठेवलेला नाही.

केबलही तपासता येते. बुडात ॲम्प्लिफायर नसेल तर मीटर रेझिस्टन्सवर ठेवून पिनेच्या टोकापासून दांडीपर्यंत जवळपास शून्य ओहम यायला हवेत, आणि पिनेचं टोक व बाहेरचं कवच यांच्यात अजिबात जोड नको. ॲम्प्लिफायरवाल्या बुडाला ही चाचणी लागू नाही, तिथे काहीतरी मधलेच आकडे येतात. पावसाळ्यानंतर बिघाड झाला असेल तर छताचं आतलं अस्तर मागच्या बाजूने थोडं खाली करून बुडाची नटबोल्ट पाहा. रबराचं गॅस्केट उन्हाने आक्रसतं आणि पाणी झिरपतं. माझ्या गाडीत आतल्या छोट्या सर्किटवर हिरवट थर चढला होता. टूथब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केलं, वाळवलं, गॅस्केट नवं घातलं. अस्तराला ओल दिसली तर एवढ्यावर न थांबता काचेखालच्या जाळीतली पानंही काढा. वडापिंपळाखाली पार्किंग असेल तर तिथली पाण्याची वाट तुंबते आणि पाणी डॅशबोर्डमागे उतरतं.

शिट्टी, टिकटिक, गुणगुण

इंजिन चालू केलं की सुरू होते आणि ॲक्सिलरेटर दाबला की चढत जाते, अशी शिट्टी आल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची. बहुतेक वेळा मुळाशी पुन्हा अर्थच सापडतो, तेव्हा वरची ०.२ व्होल्टची चाचणी परत करा. आवाज पूर्ण शून्यावर नेला तरी शिट्टी तितकीच राहते का ते पाहा. राहत असेल तर ती व्हॉल्यूमच्या नंतर, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या किंवा स्पीकरच्या वायरिंगमधून शिरते. आवाजाबरोबर कमी-जास्त होत असेल तर आधीच्या बाजूने. मोबाइल चार्जिंगला लावून ऑक्स केबलने गाणी ऐकताना शिट्टी येते आणि चार्जर काढला की जाते, हा अगदी नेहमीचा किस्सा. दोन वेगळ्या वाटांनी अर्थ मिळाल्याने होतो. ऑक्सच्या केबलमध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, तो लावा.

वेगाबरोबर वाढणारी टिकटिक पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगच्या जुन्या वायरींमुळे येते, तीही मुख्यतः मिडियम वेव्हवर. डिझेल गाडीत स्पार्कच नसतो, तिथे प्लगच्या मागे लागू नका.

एखादा स्पीकर मुका

दार उघडझाप करताना आवाज येतो-जातो का? दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीतून वायरी आत जातात. दार हजारो वेळा हललं की तिथे एखादी वायर आतल्या आत तुटते, बाहेरून प्लास्टिक शाबूत दिसतं.

रेडिओचा कपलर काढून ठेवा आणि स्पीकरच्या दोन वायरींवर मीटर लावा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३ ते ४ च्या मधे दिसतो. काहीच दाखवत नाही, तर वायर किंवा कॉइल तुटलेली. मग पेन्सिल सेलची दोन टोकं क्षणभर त्याच वायरींना टेकवा. स्पीकर 'टप्' असा बोलला की जिवंत आहे. टप् ऐवजी खर्र आलं तर कागद फाटलाय किंवा कडेचा फोम गळालाय. दाराच्या आत प्लास्टिकचा एक पडदा चिकटवलेला असतो, काच खाली करताना येणारं पावसाचं पाणी त्याने अडतं. मागच्या कुठल्याशा दुरुस्तीत तो फाडून तसाच सोडलेला असतो, आणि मग दर पावसाळ्यात स्पीकर भिजतो. नवा स्पीकर घालताना पडदाही चिकटवा.

एक धोक्याची गोष्ट. या रेडिओंत प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरी ॲम्प्लिफायरमधून येतात आणि चालू असताना प्रत्येकीवर जवळपास ६ व्होल्ट असतात, बॅटरीच्या निम्मे. म्हणून स्पीकरची कुठलीही वायर बॉडीला लागू द्यायची नाही, आणि वायर वाचवायला दोन स्पीकरची निगेटिव्ह एकत्र करायची नाही. तसं केलं की रेडिओ स्वतःला गप्प करतो, नशीब वाईट असेल तर आतली टीडीए ७३८८ सारखी आयसी, म्हणजे ॲम्प्लिफायरची चिप, जाते. ती गेली आहे का हे ओळखायला एकाच स्पीकरच्या दोन वायरींमध्ये डीसी व्होल्ट मोजा. शून्याच्या आसपास हवं. कित्येक व्होल्ट दिसले तर त्या बाजूचा ॲम्प्लिफायर जळालाय.

रेडिओमुळे बॅटरी उतरते का?

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये मीटर १० अँपियरच्या खाचेत लावून बसवा. गाडी लॉक करा, अर्धा तास थांबा. ५० मिलीअँपियरपर्यंत चालतं. त्याहून बरंच जास्त असेल तर रेडिओचे फ्यूज एकेक करून काढा. एखाद्याने आकडा धाडकन उतरला तर चोर तिथे आहे. मीटर लावलेला असताना गाडी सुरू करायची नाही.

आणि मोजून झालं की मीटरची लाल वायर लगेच तिच्या नेहमीच्या खाचेत परत घाला. मी एकदा ती १० अँपियरमध्येच विसरलो आणि थेट बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलो. स्वस्त मीटरच्या त्या खाचेला बहुधा फ्यूज नसतो. ठिणगी उडाली, टोक काळं पडलं, आणि समोर उभा असलेला वॉचमन दोन पावलं मागे सरकला तो आजही माझी बॉनेट उघडी दिसली की लांबूनच नमस्कार करतो.

आता डबा

वरचं सगळं ठीक निघालं तरच. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपियर-तासाची बॅटरी घरी असते किंवा सहज मिळते. डबा टेबलावर घ्या. कायमची आणि किल्लीची पिन दोन्ही पॉझिटिव्हला, मधे १० अँपियरचा फ्यूज घालून, अर्थ निगेटिव्हला, एक ४ ओहमचा स्पीकर आणि पाऊण मीटरची वायर अँटेनाला. टेबलावर वाजला, तर गाडीत काहीतरी नजरेतून सुटलंय, परत मागे जा. स्कोडा-फोक्सवागनच्या अलीकडच्या गाड्यांत मात्र चालू होण्याची आज्ञा साध्या वायरीने न येता डेटाच्या तारेवरून येते, तिथे टेबलावरची ही परीक्षा अपुरी पडते.

टेबलावरही मुका राहिला तर आत नेहमीचे तीन-चार दोष असतात. कपलरच्या पिनांपाशी टाका सुटलेला, म्हणजे ड्राय सोल्डर. डब्यावर टकटक केल्यावर वाजायला लागणारा रेडिओ बहुधा याचाच. फुगलेले कपॅसिटर. आवाज वाढवायला फिरवलं की कमी होणारा व्हॉल्यूमचा नॉब. त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पन्नास वेळा गरगर फिरवला की काही महिने तरी चालतो. आणि ॲम्प्लिफायरची आयसी. सोल्डरिंगची सवय नसेल तर टीव्ही दुरुस्त करणारा जुना माणूस गाठा. वागळे इस्टेटच्या गल्ल्यांत अजून सापडतात, नाहीतर मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, आहेच. त्याला "रेडिओ चालत नाही" एवढंच न सांगता तुम्ही काय काय मोजलं ते सांगा. काम लवकर होतं आणि पैसेही कमी लागतात, हा माझा अनुभव.

आयसी मिळाली नाही, सर्किटच सडलं असेल, तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर त्याच मॉडेलचा जुना डबा शोधता येतो. डब्यावरच्या स्टिकरचा पार्ट नंबर जुळवून घ्या आणि कोड हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि बाजारातला नवा सेट घालायचाच ठरवलंत, तर मूळ कपलर कापू देऊ नका. गाडीनुसार जोड-कपलर मिळतो, तो मधे लावला की दोन्ही बाजूंची वायरिंग शाबूत राहते. माझ्या आधीच्या गाडीत कुणीतरी कपलर कापून चौदा वायरी टेपने गुंडाळल्या होत्या. उन्हात त्या टेपचा डिंक वितळला आणि कुठली वायर कुठली हे शोधण्यात दोन रविवार गेले.

परत बसवताना पॅनलच्या क्लिपा लगेच दाबू नका. स्क्रू आवळा, कोड टाका, घड्याळ आणि स्टेशनं लावा, आणि पॅनल मागच्या सीटवर ठेवून दोन दिवस गाडी तशीच चालवा. माजिवड्यापासून गायमुखपर्यंत एकदा जाऊन या. सुटलेला टाका किंवा सैल कपलर असेल तर घोडबंदरचे खड्डे तो कुठल्याही मीटरपेक्षा लवकर दाखवतात. तिसऱ्या दिवशीही वाजत असेल तर क्लिपा दाबून टाका.